वाड्यातील लग्न आणि छायाचित्रकार

लग्नातील छायाचित्रे या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची मला स्वतःलाच शंका आहे. मी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली आणि पुढे नागपूर जिल्ह्यातील निरनिराळ्या खेड्यांत मुलांना बाराखडी व पाढे शिकवून २०१५ साली निवृत्त झालो. कॅमेरा हा माझा छंद. त्यापासून मला एका पैशाची प्राप्ती झालेली नाही. खर्च मात्र किती झाला, त्याचा हिशेब आमच्या घरी तोंडपाठ आहे. तथापि, एकाच वाड्यात पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन लग्नांची छायाचित्रे घेण्याचा योग मला आला. एक १९७८ साली आणि दुसरे २०२३ साली. पहिल्या लग्नात माझ्या हातून जे राहून गेले, ते मला पुढे जन्मभर बोचत राहिले. म्हणून दुसऱ्या लग्नास जाताना मी कॅमेऱ्यापेक्षा स्वतःचीच तयारी अधिक केली होती. हा सर्व अनुभव आपणांस सांगावा, एवढाच आजचा हेतू. शहरातील एखाद्या कुटुंबास आपल्या घरचे कार्य पुन्हा गावाकडच्या जुन्या घरी करावेसे वाटत असेल, तर त्यातील काही त्यास उपयोगीही पडेल.

तो वाडा म्हणजे माझे आजोळ. नागपूरहून उमरेडच्या रस्त्याने निघून कुहीकडे वळावे, म्हणजे पुढे काही कोसांवर ते गाव लागते. माझे आजोबा तेथील मालगुजार. हा शब्द आता तरुण मंडळींना समजावून सांगावा लागतो. माल म्हणजे सरकारी सारा, आणि गुजार म्हणजे तो भरणारा. इंग्रजी अमलात जुन्या मध्यप्रांतात १८६० नंतर जे बंदोबस्त झाले, त्यांत गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या या मंडळींना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. १९५१ साली ते हक्क कायद्याने संपुष्टात आले. हक्क गेले, वाडे तेवढे मागे राहिले. त्यांतलेही किती उभे आहेत आणि कितींच्या भिंतींतून पिंपळ निघाला आहे, हे त्या बाजूस हिंडणाऱ्यास ठाऊकच आहे.

आमच्या आजोळचा वाडा सुदैवाने उभा आहे. समोर देवडी, देवडीतून आत गेले की मोठा चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंस सागवानी खांबांच्या ओसऱ्या, त्यांच्यावर कवेलूंचे उतरते छप्पर, आणि चौथ्या बाजूस माजघर. माजघराचे दार इतके बुटके की, उंच माणसास आपोआप नमस्कार घडावा. त्या दाराच्या आत उन्हाळ्यातही थंडगार काळोख असतो. माझ्या हकिकतीत या दारास महत्त्व आहे, म्हणून ते श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

१९७८ च्या उन्हाळ्यात तेथे माझ्या मामेबहिणीचे लग्न झाले. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, नुकताच नोकरीस लागलेला. पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकून मी आगफा कंपनीचा क्लिक थ्री हा डबीसारखा कॅमेरा घेतला होता. बडोद्यास तयार होणारा हा कॅमेरा त्या काळी मध्यम स्थितीतील पुष्कळ घरांत असे. त्यास फार अक्कल लागत नसे. ऊन असेल तर खटका एकीकडे, ढग असतील तर दुसरीकडे, एवढेच त्याचे शास्त्र. एका रिळात बारा चित्रे. पाठीमागे तांबड्या काचेची बारीक खिडकी असे. तिच्यातून आकडा पाहत पाहत रीळ हाताने पुढे सरकवावयाचे. सरकविण्यास विसरले की एकाच जागी दोन चित्रे उमटत. त्या लग्नात नवरदेवाच्या पोटातून बैलाची शिंगे निघालेली दिसतात, असे एक चित्र मी काढले आहे. ते आमच्या घराण्यात अद्याप सर्वांत लोकप्रिय आहे.

माझ्याजवळ दोन रिळे होती, म्हणजे चोवीस चित्रे. आज हातातील मोबाइलवर एका तासात दोनशे चित्रे काढणाऱ्या मुलांना ही संख्या हास्यास्पद वाटेल. पण चोवीसच आहेत म्हटल्यावर प्रत्येक चित्राचा निवाडा करावा लागे: कोणाचे घ्यावे, कोणाचे टाळावे, कोणास राग येईल, कोणाचा राग चालेल. चोवीस चित्रांत सारे गाव कसे मावणार? आमच्याकडील लग्न गोरज मुहूर्ताचे. गुरे घरी परतताना खुरांची धूळ उडते, ती वेळ कवींना फार आवडते. डबी कॅमेऱ्यास ती मुळीच मानवत नाही. पेट्रोमॅक्सच्या चार बत्त्या मी बोहल्याभोवती टांगून घेतल्या. रीळ धुऊन आले तेव्हा त्या चारही बत्त्या अत्यंत स्पष्ट उमटलेल्या होत्या. वधूवर मात्र त्यांच्या उजेडाखाली कोठे तरी असावेत, असे अनुमान करावे लागले.

छायाचित्राविषयी त्या वेळी गावात थोडी भीतीही होती. फोटो काढला की आयुष्य घटते, असा समज आपल्याकडे फार जुना. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच निघाली होती, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक त्या आरंभीच्या काळात या विद्येत पुढे होते. तरीसुद्धा पुढे कित्येक वर्षांनी दादासाहेब फाळके यांनी गोध्र्यास स्टुडिओ थाटला, तेव्हा हाच समज त्यांच्या धंद्यास आडवा आला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. १९१३ साली ज्यांनी आपल्या देशास हलती चित्रे दाखविली, त्यांच्यापुढे लोक स्थिर चित्रासाठीसुद्धा बसावयास भीत होते! आमच्या आजीचे मतही तेच. ती कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घेई. तिचे न काढलेले चित्र मला कधी बोचले नाही. कारण तिला ते नकोच होते.

बोचले ते मावशीचे. माझ्या आईची ही थोरली बहीण. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी वैधव्य येऊन ती माहेरी परत आली, ती अखेरपर्यंत त्या वाड्यातच राहिली. बळदातील धान्याचा हिशेब तिच्या डोक्यात, किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेस. त्या लग्नातील पंगती तिच्या हिशेबाने उठल्या. बुंदी किती, वडाभातास डाळ किती, वऱ्हाडातील कोणास पथ्याचे लागते, हे तिलाच ठाऊक. परंतु हळद लागली तेव्हा ती चौकात नव्हती. अंतरपाट धरला तेव्हाही नव्हती. तिला कोणी जा म्हटले नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. ती आपण होऊनच सरकत असे. आणि ती सरकली हे कोणाच्या लक्षातही येत नसे. मला तरी कोठे आले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीच्या वेळी माझ्या रिळात एक चित्र उरले. देवडीपुढे दमणी जुंपून तयार होती. मी मागे वळून पाहिले, तर मावशी माजघराच्या दारात शिदोरीची परात घेऊन उभी. मनात आले, हे चित्र हिचेच घ्यावे. मी कॅमेरा वळविला. ती हसली आणि म्हणाली, "माहा कायले काढतं बाबू? पाव्हन्याईचा काढ." तेवढ्यात वरपक्षातील एक वजनदार गृहस्थ हातातील नवे घड्याळ दिसेल अशा बेताने समोर येऊन उभे राहिले, आणि मी शेवटचे चित्र त्यांचे घेतले. घड्याळ उत्तम आले आहे.

१९८१ साली मावशी गेली. तेरवीच्या आदल्या दिवशी मामांनी मला बाजूस घेऊन विचारले, "तुझ्याकडे तिचा एखादा फोटो असेल ना?" मी सर्व चित्रे चाळली. चोवीसांपैकी पंधरा-सोळाच धड आलेली. त्यांत घड्याळ होते, बत्त्या होत्या, बैलाची शिंगे होती. मामा काही बोलले नाहीत. वाड्याच्या भिंतीवर सर्वांच्या तसबिरी आहेत, मावशीची नाही.

ही हकिकत मी इतक्या विस्ताराने सांगितली, कारण २०२३ साली जेव्हा त्याच वाड्यात दुसरे लग्न ठरले, तेव्हा माझ्या मनात पहिल्याने हीच गोष्ट आली. वधू म्हणजे माझ्या मामेभावाची नात. मुलगी पुण्यास नोकरी करते, मुलगा अमरावतीचा. नागपुरात आता लग्न म्हटले की लॉन, लॉन म्हटले की व्यासपीठ, आणि व्यासपीठ म्हटले की वधूवरांपुढे पाठ करून उभे असलेले चार छायाचित्रकार, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाहुण्यांनी पाहावयाचे ते त्या चार पाठींकडे. वरमाला घालून झाली तरी, "जरा पुन्हा एकदा घाला, इकडे बघून," अशी आज्ञा होते आणि बिचारी ती दोघे ती पाळतात. या मुलीने स्पष्ट सांगितले की, लग्न गावच्या वाड्यात, माणसे दीडशे, व्यासपीठ नको, वरून भिरभिरणारे ते यंत्र नको, आणि चित्रे आजोबा काढतील. आजोबा म्हणजे मी. तिच्या आईस ही काटकसर वाटली आणि लोक काय म्हणतील याची चिंताही वाटली. मला मात्र धास्ती वाटली ती वेगळीच.

मी एक दिवस आधी वाड्यात जाऊन राहिलो, आणि पहिला प्रहर कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता बसून काढला. निवांत लग्नाची चित्रे काढणारास माझी पहिली सूचना हीच आहे. माणसे कॅमेऱ्यास बिचकतात ती तो नवा असतो तोवर. तासाभरात मुले त्यास विसरतात, दोन तासांत बायका विसरतात. पुरुषांना थोडा अधिक वेळ लागतो. तोपर्यंत बोट खटक्यावर ठेवू नये.

त्या वेळात आणखी एक काम होते: उजेड पाहून ठेवणे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे मेच्या अखेरच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की, भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. ही गोष्ट शाळेतील मुलांना प्रत्यक्ष दाखवावी, अशी माझी फार इच्छा असे. पण तेव्हा शाळेस सुटी, आणि जुलैत तो दिवस पुन्हा येतो तेव्हा आभाळात ढग. असो. सांगावयाचे ते हे की, वैशाखात दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, आणि अशा उन्हात चौकाच्या मध्यभागी घेतलेल्या चित्रात कपाळ पांढरेफटक, डोळ्यांच्या जागी दोन खळगे आणि मुंडावळ्यांच्या काळ्या रेघा गालांवर अशी नवरदेवाची मुद्रा येते. तेच माणूस चार पावले मागे, कवेलूंच्या छपराखाली ओसरीच्या कडेस उभे करा. ऊन अंगावर नाही, पण चौकातील तापलेल्या जमिनीवरून आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड तोंडावर येतो. असा मऊ उजेड विकत मिळत नाही. आपल्या जुन्या घरांनी तो फुकट करून ठेवला आहे, ओसरीवर बसून सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्यांना तो नेहमीच लाभत आला आहे, आणि म्हणूनच त्यांचे चेहरे तेथे एवढे भरदार दिसतात.

मांडवाविषयीही एक शब्द. लॉनवरील मांडवाचे कापड लाल-पिवळे असले की, त्याखालील सर्व मंडळी कावीळ झाल्यासारखी येतात. रंगीत छायाचित्राचा हा दोष नव्हे, कापडातून गाळून आलेल्या उजेडाचा आहे. आम्ही चौकात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. तो डोळ्यांस गार, पण पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि एखाद्याच्या नेमके नाकावर रुपयाएवढे ऊन येऊन बसते. त्यावर उपाय म्हणून मी बोहल्याच्या वर तेवढे जुने पांढरे धोतर ताणून बांधविले. वधूच्या आईस ते अगदी दरिद्री दिसले. चित्रे पाहिल्यावर तिचे मत पालटले, असे मी ऐकतो.

मुहूर्त या खेपेसही गोरजच. मात्र आताच्या कॅमेऱ्यांची दृष्टी आमच्या डबीपेक्षा किती तरी तीक्ष्ण आहे. संधिप्रकाश आणि दोन-चार दिवे एवढ्यावर त्यांचे भागते. झगझगीत फ्लॅश मी लावला नाही. होमाच्या धुरातून येणारा उजेड त्या झोताने पार मरून जातो. अंतरपाटाच्या वेळी समोर उभे राहावयाचे नाही, बाजूस राहावयाचे. म्हणजे पाटाच्या दोन्ही अंगांचे दोन चेहरे एका चित्रात येतात, आणि पाहुण्यांचीही वाट अडत नाही. शेवटचे मंगलाष्टक कोणते, हे भटजींना आधी विचारून ठेवावे. "सावधान" म्हटल्यापासून अक्षता पडेपर्यंत जो एक श्वास मिळतो, तोच चित्राचा. तो गेला तर गेला. आम्ही कोणासही पुन्हा हार घालावयास लावले नाही. वराच्या हातून हार वधूच्या अंबाड्यात अडकला, तो तसाच अडकलेला चित्रात आहे, आणि सोडविताना दोघांना आलेले हसूही आहे. विवाहनोंदणीच्या कचेरीत लग्नाचा एक फोटो द्यावा लागतो. त्या कामासाठी सरळ उभे राहून काढलेला एक वेगळा दिला. बाकीच्यांवर सरकारची सत्ता नाही.

पंगतीची चित्रे मात्र जपून घ्यावीत. पाने वाढून झाली असता, श्लोक चालला असता घ्यावीत. भुरके सुरू झाल्यावर कॅमेरा खाली ठेवून आपणही पानावर बसावे. मनुष्य जेवताना सुंदर दिसत नाही, मग तो कितीही मोठा असो.

आता मुख्य गोष्ट. मामेभाऊ आमचा पाच वर्षांपूर्वीच वारला होता. त्याची पत्नी, म्हणजे वधूची आजी, आमच्या वहिनी, वाड्यात होत्या. त्या १९७८ च्या थोडे आधी सून म्हणून त्या घरात आल्या, आणि मावशीच्या हाताखाली त्यांनी तो संसार शिकला. हळदीच्या सकाळी मी पाहिले तो वहिनी चौकात नव्हत्या. माजघराच्या दारात, बरोबर मावशी उभी राहत असे त्याच जागी, त्या अक्षता निवडीत बसल्या होत्या. मला क्षणभर काही सुचेना.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी चाली बंद केल्या, आणि पुढे सरकारनेही इतर गावांपुढे त्याचा आदर्श ठेवला, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. नातीनेही ते वाचले होते. ती हळदीच्या पाटावर बसली आणि म्हणाली, "आजी, पहिली हळद तू लावायची. तू लावल्याशिवाय मी लावून घेणार नाही." वहिनी आतूनच म्हणाल्या, "पोरी, तू म्हणतं एवढ्यानंच पोचलं मले." नात हलेना. पाव तास सगळे कार्य थांबले. कोणी म्हणाले, कशाला हट्ट. कोणी म्हणाले, काळ बदलला. विहीणबाई काय म्हणतील म्हणून सर्वांनी तिकडे पाहिले. त्या बाई शहाण्या, त्यांनी उठून वहिनींपुढे हळदीची वाटीच नेऊन ठेवली.

वहिनी उठल्या. आणि त्याबरोबर चौकात वीस-पंचवीस मोबाइल वर झाले. माझाही कॅमेरा डोळ्यास लागला होता. त्या थबकल्या, पदर तोंडावर ओढून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, थे मोबाइल ठेवाले सांगा सगळ्याईले."

श्रोतेहो, याच चित्रासाठी मी पंचेचाळीस वर्षे वाट पाहिली होती, असे म्हणावयास हरकत नाही. पण त्यांनी मला सांगितले होते. मी वर्गातला जुना आवाज काढला, मोबाइल खाली ठेवविले, आणि प्रथम माझा कॅमेरा खाली ठेवला. मग वहिनींनी एका बोटाने नातीच्या कपाळास, दोन्ही खांद्यांस, गुडघ्यांस आणि पावलांस हळद लावली. वाजंत्रीसुद्धा थांबली होती. त्या प्रसंगाचे एकही चित्र नाही. त्यावरून घरातील तरुण मंडळी माझ्यावर अजून रुष्ट आहेत, नातजावई तर म्हणाले, "आजोबा, तेवढाच फोटो पाहिजे होता हो." असेल. मला ते अद्याप नीटसे ठरविता आलेले नाही.

चित्र घेतले ते नंतर. दुपारी जेवणे उरकून वाडा थोडा निजला होता. वहिनी पुन्हा माजघराच्या दाराशी बसून उरलेल्या अक्षता पुडीत बांधीत होत्या, आणि त्यांच्याजवळ बसून शेजारची एक चिमुरडी काही तरी लांबलचक सांगत होती. मी विचारले, "वहिनी, काढू काय?" त्या म्हणाल्या, "काढा, पण मी पाहनार नाही तिकडं." त्या चित्रात त्या मुलीकडे पाहून हसत आहेत. मागे दाराचा काळोख, डावीकडून चौकाचा उजेड. आणि उजव्या हाताचे पहिले बोट अजून पिवळे आहे.

एकूण चित्रे चारशेच्या घरात झाली. त्यांतील साठ निवडून मी कागदावर छापून घेतली. हा खर्च कोणीही टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. आमच्याच कुटुंबातील २००८ सालच्या एका लग्नाची सर्व चित्रे एका तबकडीत होती. ती तबकडी आता कोणत्याही यंत्रात उघडत नाही. उलट १९७८ च्या माझ्या निगेटिव्ह, एका बिस्किटांच्या डब्यात पडलेल्या, आजही खिडकीच्या उजेडापुढे धरल्या की नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात. ज्यांना छायाचित्रांची जोपासना करावयाची आहे, त्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

लग्नानंतर महिन्याने ही छापलेली चित्रे घेऊन मी वाड्यावर गेलो, तेव्हा त्या जुन्या निगेटिव्हही मोठ्या करवून बरोबर नेल्या. वहिनींनी आपले चित्र पाहिले, "केस किती पिकले माहे" एवढेच म्हणाल्या आणि बाजूस ठेवले. मग त्या जुनी चित्रे पाहू लागल्या. सीमांतपूजन, वऱ्हाडाच्या दमण्या, चौकातील बायकांचा घोळका. एका चित्राशी त्या थांबल्या. ते मी किती वेळा पाहिले असेन! मध्ये नवरी, भोवती करवल्या, आणि अगदी उजव्या कडेस माजघराचे दार अर्धवट आलेले. दाराच्या चौकटीतून मनगटापर्यंत एक हात बाहेर आला आहे. हातात फुलांची परडी, कोणास तरी देण्यासाठी पुढे केलेली. मी तो हात आजवर चौकटीचाच भाग समजत होतो. वहिनींनी चष्मा पुसला, चित्र उजेडाकडे नेले, आणि मनगटावरच्या गोंदणावर बोट ठेवले. तुळशीवृंदावनाचे गोंदण, आणि हातात बांगडी नाही.

"आत्याबाईचा हात हाय थो," त्या म्हणाल्या.

तेवढाच भाग मोठा करून मी चौकटीत बसवून घेतला. चित्र फार फिकट आले आहे, धंदेवाईक मनुष्य त्यास चित्रही म्हणणार नाही. मामांच्या तसबिरीशेजारी ते लावताना वहिनी म्हणाल्या की, खाली नाव लिहा, नाहीतर पुढच्या पोरांना हा हात कोणाचा ते कळावयाचे नाही. मी फळ्यावर लिहावयाच्या अक्षरात मावशीचे नाव लिहिले, आणि त्याखाली साल घातले, १९७८.